उरलेली वीज

परवां रात्रीं जेवणें चाललीं असतां आमच्या घरांतील दिवे एकाएकीं गेले. पूर्वीं असें झालें म्हणजे घरांत मोठी धांदल उडे. मेणबत्ती कोठें ठेवली आहे याची चौकशी सुरू होई. काडेपेटी सांपडली तर मेणबत्ती सांपडत नसे. आणि या गोंधळांत माझे वडील स्टुलावर उभे राहून दारावरचें चिनी मातीचें फ्यूज ओढून काढीत. त्यांतील तार जळून गेलेली असे. चिनी मातीवर एक काळसर डाग तेवढा उरे. वडील त्या जागीं नवी तार गुंडाळीत, आणि खालीं उतरतांना "तार गेली म्हणून घर वांचलें" हें वाक्य न चुकतां म्हणत. परवां यांतलें कांहींच झालें नाहीं. माझ्या मुलीनें मोबाइलचा दिवा लावला, दाराजवळच्या पेटींतील एक खटका वर केला, आणि ती पुन्हां भाजी वाढूं लागली. मी मात्र हातांतला घांस हातांतच धरून त्या खटक्याकडे पाहात बसलों होतों. "बाबा, दिवे आले!" असें तिनें सांगितलें, तेव्हां कोठें मी भानावर आलों.

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला फ्यूजची तार ही क्षुल्लक वस्तु वाटत नाहीं. तिच्यांतून वाजवीपेक्षां जास्त प्रवाह जाऊं लागला कीं ती तापते, वितळते आणि तुटते. हें काम ती आपल्या परीनें सावकाश करते. परंतु तसलीच बारीक तार जर याच्या हजारों पट वेगानें तापविली, वितळून खालीं गळावयासही तिला सवड दिली नाहीं, तर ती नुसती तुटत नाहीं. तिचा स्फोट होतो. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, डोळे दिपविणारा प्रकाश पडतो, आणि तारेच्या जागीं थोडासा धूर तेवढा राहातो. तरुणपणीं या प्रकाशानें मला वेड लाविलें होतें. त्या वेडापायीं जें घडलें तें आज सांगावयाचें आहे. पण त्याआधीं त्या प्रकाशाची हकीगत सांगितली पाहिजे. ती समजल्यावांचून माझा अपराधही नीटसा समजणार नाहीं.

विजेच्या एका तडाख्यानें तार उडवून देण्याचा हा खेळ अडीचशें वर्षांचा जुना आहे. लंडनमध्यें शास्त्रीय उपकरणें बनविणारा एडवर्ड नेर्न नांवाचा एक कुशल कारागीर होता. त्यानें १७७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या विजेच्या प्रयोगांत असल्या तारांचें वर्णन आढळतें. त्यानंतर दहा वर्षांनीं, म्हणजे १७८४ सालीं, हॉलंडांतील हार्लेम येथें मार्टिनस फान मारुम यानें जॉन कथबर्टसन या कारागिराकडून घर्षणानें वीज उत्पन्न करणारें एक प्रचंड यंत्र बनवून घेतलें. त्याच्या कांचेच्या दोन तबकड्यांचा व्यास दीड मीटरहून अधिक आहे. त्या फिरविण्यास दोन, आणि कधीं चार माणसें लागत. निघालेली वीज लेडनच्या बरण्यांत, म्हणजे आंतून-बाहेरून धातूचा पत्रा चिकटविलेल्या कांचेच्या बरण्यांत, सांठवावयाची, आणि मग ती सारी एकाच क्षणीं बारीक तारेंतून सोडावयाची, असा तो प्रकार. हें यंत्र हार्लेमच्या टायलर संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतें.

पुढें १८५७ सालीं मायकेल फॅरडे यानें सोन्याची तार अशाच बरण्यांच्या विजेनें उडविली. त्याला आवाजाची हौस नव्हती. उडालेलें सोनें शेजारच्या कांचेवर जाऊन बसे आणि तेथें त्याचा अतिशय पातळ थर तयार होई. तो थर प्रकाशापुढें धरला म्हणजे सोनें पिवळें न दिसतां कोठें माणकासारखें लाल, तर कोठें जांभळें दिसे. धातूचे कण पुरेसे बारीक झाले म्हणजे प्रकाशाशीं त्यांचें वागणें अगदीं बदलतें, ही गोष्ट फॅरडेनें त्या कांचांवरून लोकांपुढें मांडली. अतिसूक्ष्म कणांच्या ज्या शास्त्राचा हल्लीं एवढा बोलबाला आहे, त्याचे अभ्यासक आपली वंशावळ या निबंधापाशीं नेऊन भिडवितात, आणि तें योग्यच आहे.

मात्र प्रत्यक्ष स्फोटाच्या प्रकाशाचा कसून अभ्यास झाला तो १९२० सालीं, आणि तोही एका वेधशाळेच्या माणसाकडून. कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन वेधशाळेंत जॉन अँडर्सन हा शास्त्रज्ञ काम करीत होता. ताऱ्यांचा प्रकाश वर्णपटांत पसरून पाहिला म्हणजे त्यांत काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून ताऱ्यांत कोणकोणते पदार्थ आहेत आणि ते किती तापलेले आहेत, हें ओळखावयाचें असतें. पण ताडून पाहावयास ताऱ्याइतकें तापलेलें कांहीं पृथ्वीवर नको काय? कार्बनच्या दिव्याची ज्योत घेतली तरी तिच्या तोंडाशीं तापलेला कार्बन चार हजार अंशांच्या आसपास अडतो. सूर्याचा पृष्ठभागच साडेपांच हजार अंशांचा. मग सूर्याहून तप्त अशा ताऱ्यांची गोष्टच बोलावयास नको.

अँडर्सननें पांच सेंटिमीटर लांबीची, अवघ्या दोन मिलिग्रॅम वजनाची तार घेतली. तांदळाचा एक दाणादेखील हिच्या दसपट भरेल. सव्वीस हजार व्होल्टांपर्यंत भारलेल्या कंडेन्सरमधील वीज त्यानें तिच्यांत सोडली. तारेला मिळालेली ऊर्जा म्हणाल तर सुमारें तीस कॅलरी; तेवढ्या ऊर्जेनें चहाचा एक चमचाभर पाणी फार तर सहा अंशांनीं तापेल. पण ती ऊर्जा सेकंदाच्या सुमारें एक लक्षांश भागांत त्या दोन मिलिग्रॅम धातूंत कोंबली गेली. जो प्रकाश पडला तो सुमारें वीस हजार अंश तापमानाचा भरला, आणि त्याची प्रखरता सूर्यबिंबाच्या शंभरपट! तार लांकडाच्या खांचेंत कोंडून उडविली, तेव्हां त्या प्रकाशाच्या वर्णपटावर ताऱ्यांत दिसतात तशा काळ्या रेघा उमटल्या. योगायोग असा कीं, त्याच १९२० सालीं मेघनाद साहा यांचा सूर्याच्या वातावरणांतील अणूंच्या विद्युद्भारित होण्याविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि कोणत्या तापमानाला व कोणत्या दाबाला कोणत्या रेघा दिसाव्या याचें गणित ज्योतिषांच्या हातीं आलें. एकानें कागदावर तारा समजावून दिला. दुसऱ्यानें तो क्षणभर टेबलावर आणून ठेवला.

आतां या स्फोटांतील मर्म सांगतों. आपल्याला वाटतें कीं, तार तापते, लाल होते, पांढरी होते आणि उजेड पाडीत फुटते. जणूं काय सारें एकाच दमांत होतें. तसें नाहीं. प्रवाह सुरू झाला म्हणजे तार जागच्या जागीं वितळते, आणि वितळली तरी तिला आपला आकार सोडावयास वेळ मिळत नाहीं. मग ती उकळते व तिची वाफ होऊं लागते. तांबें धातुरूपांत असतें तोंपर्यंत विजेला मोकळी वाट देतें. पण त्याची दाट वाफ झाली कीं ती वाट जवळजवळ बंद होते. जत्रेच्या दाट गर्दींत धांवूं म्हटलें तरी माणसाला दोन पावलें धड टाकतां येत नाहींत, तशीच गत त्या वाफेंतील इलेक्ट्रॉनांची होते: वेग घेण्यापूर्वींच प्रत्येकाची कोणाशीं तरी टक्कर होते. प्रवाह खालीं येतो, कधीं कधीं तर अगदीं शून्यावर येतो. तार राहिलेली नाहीं, प्रवाह नाहीं, म्हणण्यासारखा प्रकाश नाहीं. मोजणाऱ्याच्या आलेखांत येथें एक सपाट रेघ दिसते. सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागांचा हा विराम असतो.

पण कंडेन्सरमधली वीज संपलेली नसते. तेवढ्या अवधींत वाफ पसरते, विरळ होते. गर्दी पांगली म्हणजे धांवावयास जागा मिळते, तसा इलेक्ट्रॉनांना आतां वेग घेतां येतो. ते अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात, आणि राहिलेली वीज त्या वाफेंतून दुसऱ्यानें कोसळते. डोळे दिपतात ते बहुधा या दुसऱ्या कोसळण्यानें. म्हणजे ज्या प्रकाशाला आपण तारेचा प्रकाश म्हणतों, तो तार नाहींशी झाल्यानंतरचा असतो. व्होल्टांचा दाब भरपूर असेल तर मधला विराम इतका लहान होतो कीं तो जाणवतही नाहीं. उलट तार लांब घेतली आणि दाब पुरेसा नसला, तर ती दुसरी कोसळण होतच नाहीं. तार उडून जाते, फुसका आवाज होतो, आणि उरलेली वीज कंडेन्सरमध्यें गुपचुप तशीच बसून राहाते. वाचकांनीं ही शेवटची गोष्ट कृपा करून लक्षांत ठेवावी. मी ती एकदां विसरलों होतों.

या लखलखाटानें शहाण्या माणसांचेही डोळे दिपले आहेत. १९२२ सालीं शिकागो येथील वेंट आणि आयरियन या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं टंगस्टनची तार अशा तऱ्हेनें उडविली असतां हेलियम मिळाला, म्हणजे उष्णतेनें अणूच फुटला, असें जाहीर केलें. रदरफर्डनें शंका काढली. इतरांनीं प्रयोग करून पाहिले, त्यांना हेलियम मिळाला नाहीं. तारेनें अणु फुटला नव्हता. परंतु दैवाचा खेळ असा कीं, पुढें अणूच्या संहारांत या तारेला काम मिळालेंच. प्लुटोनियमच्या गोळ्याभोंवतालची स्फोटक दारू सर्व बाजूंनीं एकाच वेळीं पेटली पाहिजे, त्यांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाचाही फरक चालत नाहीं, ही लॉस अलामॉस येथील शास्त्रज्ञांची अडचण होती. लुइस अल्वारेझ आणि लॉरेन्स जॉन्स्टन यांनीं ती अडचण विजेनें उडणाऱ्या बारीक तारांनीं सोडविली. १६ जुलै १९४५ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर पहिलें काम या तारांनीं केलें. त्याच न्यू मेक्सिकोंत आल्बुकर्क येथें केंसाहून बारीक अशा शेंकडों तारा एकदम उडवून क्षकिरणांचा वर्षाव करणारें 'झेड' नांवाचें यंत्र आहे; पोलादी तारा उडवून तेथें दोनशें कोटि अंशांहून अधिक तापमान मिळाल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. नेर्नच्या टेबलावरचा खेळ येथवर आला.

वर्गांत ही हकीगत मी अनेक वर्षें रंगवून सांगत आलों. पण वय वाढूं लागलें तसा मला तिच्यांत एक निराळाच प्रश्न दिसूं लागला. हार्लेमच्या त्या तबकड्या कोण फिरवीत होते? आम्हांला फान मारुम ठाऊक आहे, कथबर्टसनही ठाऊक आहे; घामाघूम होऊन दांडा फिरविणाऱ्या त्या चौघांचीं नांवें आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहींत. फॅरडेचा मदतनीस मात्र नांवानें ओळखला जातो. तोही अँडर्सनच, सार्जंट अँडर्सन, तोफखान्यांतून निवृत्त झालेला शिपाई. त्याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका संध्याकाळीं फॅरडे त्याला "आतां घरीं जा" असें सांगावयास विसरला. सकाळीं येऊन पाहातो तों अँडर्सन भट्टींत कोळसा टाकीतच उभा! ही गोष्ट ऐकून माझे विद्यार्थी हसतात. पूर्वीं मीही हसत असें.

माझेही एक अँडर्सन होते. महाविद्यालयांत प्रयोगशाळेच्या परिचराला सारे मामा म्हणतात, तसे आम्हीही त्यांना मामाच म्हणत असूं. ही १९९६ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गांवीं मी नुकताच अध्यापक म्हणून लागलों होतों. नोकरी अद्याप कायम व्हावयाची होती. मोडींत निघालेल्या यंत्रांतून कंडेन्सर मिळवून मीं तार उडविण्याची मांडणी केली. मीं केली असें म्हणतों खरें, पण तिच्यांतला अर्धा भाग मामांच्या हातचा होता. जुन्या वायरीचें आवरण सोलून त्यांतील तांब्याचा एकेक तंतु ते सोडवीत, बोटाचें टोंक ओलें करून तो अलगद उचलीत, आणि दोन पितळी खुंट्यांच्या मध्यें असा ताणून बसवीत कीं त्याला एकही मुरड पडत नसे. मला तें कधींच साधलें नाहीं. माझ्या हातांत तार तुटे, आणि मामा हंसत म्हणत, "सर, तुम्ही खडूच धरा."

या मांडणीचा एक नियम होता. प्रत्येक स्फोटानंतर, दुसरी तार लावण्यापूर्वीं, लांकडी मुठीची आणि जमिनीशीं जोडलेली एक तांब्याची दांडी खुंट्यांना लावून उरलीसुरली वीज काढून टाकावयाची. मामा तिला काठी म्हणत. ती टेबलाच्या बाजूला एका खिळ्यावर टांगलेली असे. मामांनीं काठी लावल्यावांचून खुंट्यांना हात लावलेला मीं एकदांही पाहिला नव्हता.

त्या वर्षीं महाविद्यालयांत विज्ञान-प्रदर्शन भरलें. गांवांतील प्रतिष्ठित मंडळी येणार होतीं, संस्थेचे चालक येणार होते. मला वाटलें, शेवटच्या रांगेंतून दिसावयास पांच-सात सेंटिमीटरची तार फारच आंखूड. म्हणून मीं तिच्या चौपट लांबीची तार घ्यावयास सांगितलें. मामा म्हणाले, "सर, येवढी लांब कशाला? रोजचीच बरी." मीं त्यांना उत्तरही दिलें नाहीं. टेबल नीटनेटकें दिसावें म्हणून ती लोंबती वायर आणि ती काठी मीं स्वतःच्या हातानें खिळ्यावरून काढली आणि कपाटाच्या मागें उभी करून ठेवली.

दिवे मालवले. मीं तारेचें लहानसें व्याख्यान दिलें, सूर्याच्या शंभरपट प्रखरतेची गोष्ट सांगितली, आणि कळ दाबली. फुस्स असा आवाज झाला. थोडी तांबूस ठिणगी उडाली, धुराची एक रेघ वर गेली, आणि संपलें. मागच्या बाकांवरून हंशा आला. चालकांपैकीं एक गृहस्थ मोठ्या समजूतदारपणें म्हणाले, "असूं द्या, असूं द्या, होतें असें." त्या समजूतदारपणानें मी अधिकच ओशाळलों. "मामा, चला, दुसरी तार लावा," मी म्हणालों. मामा टेबलाजवळ आले. त्यांनीं खिळ्याकडे पाहिलें. खिळा रिकामा होता. मग त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. "अहो, संपलें सारें. लावा लवकर!" असें मी वैतागून म्हणालों, आणि मामांनीं तार लावण्यासाठीं हात पुढें केला.

पुढचें वर्णन मी करीत नाहीं. मामा वांचले, एवढें सांगतों. उजव्या हाताचीं अंगठ्याजवळचीं दोन बोटें भाजलीं, तीं पुन्हां कधीं सरळ झालीं नाहींत.

त्या रात्रीं खोलीवर येऊन मीं आंकडेमोड केली. लांब तारेंत दुसरी कोसळण झाली नव्हती. कंडेन्सरमधील ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दाब अर्धा उरला असें धरलें तरी चौथा हिस्सा ऊर्जा शिल्लक होती. दहा मिनिटांचा हिशेब. हाच हिशेब आदल्या दिवशीं करतां आला असता, किंवा मामांच्या "रोजचीच बरी" या दोन शब्दांना मान देतां आला असता. मग हिशेबाचीही गरज नव्हती.

चौकशी झाली. दवाखान्यांतून परत आल्यावर मामांनीं लिहून दिलें कीं, काठी लावावयास आपण विसरलों. तो कागद साक्षीदार म्हणून माझ्यापुढें आला. मीं तो वाचला. नोकरी अद्याप कायम नव्हती, घरीं म्हातारे वडील होते, बहिणीचें लग्न ठरत होतें. माणूस अशा वेळीं मनांत जीं जीं कारणें गोळा करतो तीं सारीं मीं गोळा केलीं, आणि खालीं सही केली. मामांची एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. पुढच्या जूनमध्यें मी कायम झालों.

मामा मला यावर एक शब्दही कधीं बोलले नाहींत. ते रोजच्यासारखे कामावर येत. डाव्या हातानें तार लावावयास ते हळूहळू शिकले. एकच गोष्ट बदलली: स्फोट झाल्यानंतर ते खिळ्यावरची काठी काढून माझ्या हातांत देत, मी ती खुंट्यांना लावीपर्यंत बाजूला उभे राहात, आणि मग पुढें येत. पांच वर्षें आम्ही असें काम केलें. त्यानंतर मी त्या गांवाहून पुण्यास आलों, कांहीं वर्षांनीं मामाही निवृत्त झाले, आणि तो विषय संपला असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. आलेखांतील ती सपाट रेघ पाहून प्रवाह कायमचा संपला असें समजणाऱ्या विद्यार्थ्याला मी दरवर्षीं रागें भरतों. माझ्या स्वतःच्या बाबतींत मात्र तीच चूक मीं जवळजवळ तीस वर्षें केली.

परवांच्या रात्रीं तो खटका पाहिल्यावर मला झोंप आली नाहीं. रविवारीं सकाळीं उठून मी मामांच्या गांवीं गेलों. मामा आतां ऐंशीच्या घरांत आले आहेत. ओसरीवर बसून ते नातवाला शेंगा सोलून देत होते. दोन बोटें वांकलेलींच होतीं, पण हात चपळाईनें चालत होता. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. सुनेला त्यांनीं चहा टाकावयास सांगितलें. चहा येईपर्यंत मीं धीर गोळा केला आणि सारें सांगून टाकलें: काठी मीं काढली होती, लांब तार माझ्या हट्टानें घेतली होती, आणि तो कागद खोटा आहे हें ठाऊक असून मीं त्यावर सही केली होती.

मामांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग ते म्हणाले, "सर, हें मला कशाला सांगतां? मी तिथंच होतों की. हें त्या कागदावर लिहायचं होतं."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. "असूं द्या" असेंही ते म्हणाले नाहींत. मीं क्षमा मागावयाची आणि त्यांनीं मोठ्या मनानें ती करावयाची, असें जें दृश्य मीं गाडींत बसून मनाशीं रचलें होतें, तें तेथें घडलेंच नाहीं. आणि तें घडावें अशी अपेक्षा धरणें हेंही पुन्हां मामांवरच काम टाकणें होतें, हें माझ्या तेव्हां ध्यानांत आलें. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "आतां काठी कुठं टांगतां?" मीं सांगितलें, "टेबलाच्या पुढच्या बाजूला. सगळ्यांना दिसेल अशी." "बरं केलंत," ते म्हणाले, आणि त्यांनीं चहाचा कप माझ्यापुढें सरकविला.

घरीं आल्यावर मीं त्या महाविद्यालयाला पत्र लिहिलें आहे. १९९६ सालच्या त्या चौकशींत मामांची कांहीं चूक नव्हती, चूक माझी होती, आणि साक्षीदार म्हणून केलेली सही मी परत घेतों, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. रोखलेल्या वेतनवाढीचा पुढें निवृत्तिवेतनावर कांहीं परिणाम झाला असल्यास तो माझ्याकडून भरून घ्यावा, असेंही कळविलें आहे. इतक्या वर्षांनीं तें पत्र कोण उघडील, आणि उघडणाराला त्यांतील नांवें तरी ओळखूं येतील कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. म्हणून तीच गोष्ट येथेंही लिहून ठेविली. मामांना वाचावयास चष्मा लागतो, आणि तोही त्यांना सांपडत नाहीं. पण नातू मोठ्यानें वाचून दाखवितो, असें ते म्हणत होते.